लूज कनेक्शन

आमच्या विभागात एक तक्रार वही होती. फुलस्केप, लाल कापडी पाठीची, हाताने आखलेले रकाने: तारीख, विभाग, खोली क्रमांक, तक्रार, कारण, सही. १९८७च्या जुलैत विद्यापीठाच्या दृक्‌श्राव्य विभागात तांत्रिक साहाय्यक म्हणून रुजू झाले, तेव्हा आधीच्या गृहस्थांनी ती माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "यात सगळं लिहायचं. ऑडिटला लागतं." मी बावीस वर्षांची, शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन आलेली. सगळं म्हणजे सगळं. ‘तक्रार: ओएचपी लागत नाही. कारण: भिंतीवरचे बटण बंद.’ (ओएचपी म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टर, ट्रान्स्परन्सी नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकवर लिहिलेलं पडद्यावर मोठं दाखवणारं मशीन.) ‘तक्रार: अक्षरे उलटी दिसतात. कारण: ट्रान्स्परन्सी उलटी ठेवली.’ आणि खाली त्याच सरांची सही.

दोन-तीन महिन्यांत एका विभागातून बोलावणं यायचंच बंद झालं. मला वाटलं, शिकले वाटतं सगळे. आमच्या शिपाईमामांनी खुलासा केला. "मॅडम, मशीन त्यांनी कपाटात घालून ठेवलंय. वही सहीला फिरते ना, तेव्हा हेडसाहेब मोठ्यानं वाचून दाखवतात."

त्या दिवसापासून कारणाच्या रकान्यात मी ‘लूज कनेक्शन’ लिहायला लागले. छत्तीस वर्षं लिहिलं.

निवृत्त झाले २०२३ साली, पण ‘तुम्ही नक्की काय करायचात?’ याला मला अजून एका वाक्यात उत्तर देता येत नाही. विद्यापीठात होते म्हटलं की सोसायटीतले लोक प्रोफेसर धरून चालतात. प्रोफेसर नाही म्हटलं की, "अच्छा, म्हणजे ऑफिसात." पगारपत्रकावर आम्ही ‘शिक्षकेतर’. जे नाही त्यावरून ओळख. मी प्राध्यापकांना शिकवण्याची साधनं वापरायला मदत करायचे, एवढंच. हिंजवडीच्या कंपन्यांत या कामाला ‘इन्स्ट्रक्शनल डिझायनर’ असं भारदस्त नाव आहे. माझी एक सहकारी तिकडे गेली आणि दोन वर्षांत तिने गाडी घेतली. आमच्याकडे मंजूर आकृतिबंधात असलं काही पदच नव्हतं, त्यामुळे ओएचपीपासून मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या सॉफ्टवेअरपर्यंत सगळं मी तांत्रिक साहाय्यक म्हणूनच केलं.

सुरुवातीचं काम सगळं हाताचं. ओएचपीचा दिवा २४ व्होल्ट, २५० वॅटचा हॅलोजन. उघड्या बोटांनी धरला की कातडीचं तेल काचेला लागतं, तेवढीच जागा जास्त तापते आणि दिवा लवकर जातो. म्हणून तो रुमालात धरायचा. माझ्या पर्समध्ये त्यासाठी एक वेगळा रुमाल असे आणि घरी तो कुणी वापरला की मी चिडायची. झेरॉक्स मशीनमध्ये कुणी साधी प्लॅस्टिकची ट्रान्स्परन्सी घातली, तर ती आतल्या तापलेल्या रोलरला वितळून चिकटायची. ती सोलून काढण्यात माझ्या दोन-तीन दिवाळीच्या सुट्ट्या गेल्या आहेत.

दुपारी टीव्ही खोली उघडायची असायची. यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा शैक्षणिक कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८४ला दूरदर्शनवर सुरू झाला होता. पुण्याच्या ईएमआरसी या शैक्षणिक चित्रीकरण केंद्रात तयार झालेले कार्यक्रमही त्यात असत. कल्पना फार चांगली. अडचण एवढीच की बहुतेक कार्यक्रम इंग्रजीत, आणि आमची पोरं खेड्यापाड्यांतून एसटीने येणारी. एक भूगोलाच्या मॅडम होत्या, त्या टीव्हीचा आवाज बंद करून शेजारी उभ्या राहायच्या आणि पडद्यावर जे दिसेल त्यावर मराठीत बोलायच्या. हिमनदीवरचा एक कार्यक्रम त्यांनी असा सांगितला होता की मी खोलीचं कुलूप हातात घेऊन दारातच उभी राहिले. त्या मॅडमना कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. त्यांनी तंत्रज्ञान ‘वापरलं’ होतं का, तर निम्मं बंद करून वापरलं होतं.

आता ज्या प्रसंगाबद्दल मला आजही झोप लागत नाही, तो सांगते.

२००२ साली आमच्याकडे पहिला एलसीडी प्रोजेक्टर आला. तो विभागाबाहेर न्यायचा तर दोन सह्या लागत. आधी प्रोजेक्टर चालू करायचा, मग लॅपटॉप. उलटं केलं तर लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडलाय हे कळतच नसे. बंद करताना आतला पंखा थांबेपर्यंत प्लग काढायचा नाही, नाहीतर दिवा उडणार, आणि दिव्याची किंमत माझ्या पगाराहून जास्त. अर्थशास्त्राचे एक ज्येष्ठ प्राध्यापक होते, पन्नाशी ओलांडलेले. खडू घेऊन फळ्यापाशी उभे राहिले की बाकीच्या वर्गातली मुलं येऊन मागे बसायची, असे. त्यांनी हौसेने पॉवरपॉइंट केलं होतं. मुलीला शेजारी बसवून, पंधरा दिवस, रोज रात्री. पहिल्याच तासाला सभागृह भरलेलं. चौथ्या-पाचव्या स्लाइडला त्यांनी माउसचं उजवं बटण दाबलं, मेनू उघडला, त्यात भलतंच काही दाबलं गेलं आणि सगळा शो बंद होऊन पडद्यावर नुसतं डेस्कटॉप आलं. ते माउस इकडेतिकडे फिरवत राहिले. मी पहिल्या रांगेतून उठले, "सर, द्या इकडे" म्हटलं, त्यांच्या हातातून माउस घेतला आणि तीन सेकंदांत स्लाइड परत आणली.

मागच्या बाकांवरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी. मी हसले.

सरांनी तास पूर्ण केला. पण त्यानंतर आठ वर्षांनी निवृत्त होईपर्यंत त्यांनी कधीही आमच्या विभागात फोन केला नाही. जिन्यात भेटले की नमस्कार व्हायचा, चौकशी व्हायची, मुलीचं लग्न ठरल्याचं त्यांनीच मला सांगितलं. प्रोजेक्टरचा विषय नाही. त्या दिवशी वहीत मी ‘लूज कनेक्शन’ असंच लिहिलं होतं, पण भरलेल्या सभागृहाने जे पाहिलं ते वहीत लपवून काय उपयोग?

तेव्हापासून वर्गात शिरले की मी हात पाठीमागे बांधायची. डाव्या हाताने उजवं मनगट धरायची, घट्ट. तोंडाने सांगायचं, तेही हळू आवाजात आणि शक्यतो शेजारी उभं राहून, समोर नाही. वेळ जातो. माझ्या कनिष्ठांना मी फारच संथ वाटायची. "मॅडम, दोन क्लिकचं काम आहे हो," म्हणायचे. दोन क्लिकचं होतंच.

मराठी विभाग हे माझं दुसरं विद्यापीठ. तिथल्या सरांच्या नोट्स श्रीलिपीत टाइप केलेल्या, आणि वर्गातल्या संगणकावर तो फॉन्ट नाही. मग ज्ञानेश्वरीवरच्या स्लाइडवर नुसते कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरं. युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर अक्षर तेच राहील अशी पद्धत, आलं तेव्हा मला वाटलं, सुटलो. पण विंडोज एक्सपीमध्ये मराठी नीट दिसायला कंट्रोल पॅनेलात जाऊन एका चौकटीत टिचकी द्यावी लागायची, ती दिली की ते इन्स्टॉलेशनची सीडी मागायचं, आणि सीडी कुणाकडेच नसायची. म्हणून हॅलोजनच्या रुमालाची जागा माझ्या पर्समध्ये त्या सीडीने घेतली. एका उन्हाळ्यात मी सीडी घेऊन अख्खी कला शाखा पालथी घातली. शेवटी मराठीच्या सरांच्या पडद्यावर शुद्ध देवनागरी उमटलं. मी अभिमानाने त्यांच्याकडे पाहिलं. ते चष्मा काढून पडद्याच्या जवळ गेले आणि म्हणाले, "हा ल आपला नाही."

खरंच नव्हता. मंगल फॉन्टमधला ल आणि श दोन्ही हिंदी वळणाचे. आपला ल दोन पाकळ्यांचा. मी म्हटलं, "सर, वाचता तर येतंय ना?" ते म्हणाले, "बाई, मी लिपी शिकवतो." पुढची तीन वर्षं, चांगला मराठी वळणाचा युनिकोड फॉन्ट हाताशी येईपर्यंत, ते त्या वर्गात फळाच वापरत राहिले आणि मी त्यांना एकदाही आग्रह केला नाही. बरोबर त्यांचंच होतं.

महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकबद्दल फार लिहीत नाही. कमिटी यायच्या आधी कोणत्या वर्गाचा ‘आयसीटी-सक्षम’, म्हणजे संगणक-प्रोजेक्टरने सज्ज, वर्ग कसा होतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांचा विश्वास बसणार नाही. एवढंच सांगते की एका महाविद्यालयात मी गेले, तर स्मार्ट बोर्डावर हळदीकुंकू वाहिलेलं होतं आणि प्लॅस्टिक काढलेलं नव्हतं.

एज्युसॅटचंही थोडक्यात. २० सप्टेंबर २००४ला तो शिक्षणासाठीचा उपग्रह गेला, मोठा गाजावाजा झाला, आमच्या गच्चीवरही एक तबकडी बसली. केयू बँडची लहर जोराच्या पावसात क्षीण होते, आणि आमचं पहिलं सत्र सुरू होतं जुलैत. पुढचं तुम्हीच समजून घ्या.

२००९मध्ये मी संगणक विभागाने टाकून दिलेल्या एका सर्व्हरवर मूडल बसवलं. मार्टिन डुगियामास नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने ते २००२ साली फुकट खुलं केलं होतं, हे मला फार आवडलं होतं. आम्हाला खरेदी समितीकडे जावंच लागलं नाही! पहिल्या आठवड्यात सगळ्यांची एकच तक्रार: फाइल चढत नाही. मूडल ज्यावर चालतं त्या पीएचपीची मूळ मर्यादा २ एमबी, आणि आमच्या प्राध्यापकांच्या नोट्स म्हणजे हस्तलिखिताचे चाळीस-चाळीस एमबीचे स्कॅन. मर्यादा वाढवली आणि मूडल ही पीडीएफची कोठी झाली. बहुतेकांसाठी ती शेवटपर्यंत कोठीच राहिली. त्यात वाईट काही नाही. पूर्वी त्याच नोट्स झेरॉक्सच्या दुकानात मिळायच्या, आता रांग वाचली.

पण रसायनशास्त्राच्या एका मॅडमनी त्यात चाचणी लावली. वीस प्रश्न, चार-चार पर्याय. मूडल चाचणीनंतर प्रत्येक प्रश्नाचा हिशेब देतं: किती जणांना जमला, आणि एकूण चाचणीत वर असलेल्यांना तो जास्त जमला की खाली असलेल्यांना. दुसरा आकडा शून्याखाली गेला, तर हुशार पोरं चुकताहेत आणि बाकीच्यांचं बरोबर येतंय. तो तक्ता मी मॅडमना उघडून दिला (म्हणजे कुठे दाबायचं ते सांगितलं). सतरावा प्रश्न उणे. त्यांनी प्रश्न वाचला, परत वाचला, खुर्ची मागे सरकवली. उत्तरसूचीच चुकीची होती. एका गाइडातून उतरवलेली, आणि तोच प्रश्न त्या लेखी चाचणीतही वर्षानुवर्षं घालत होत्या.

"म्हणजे आठ बॅचेस," त्या म्हणाल्या. "ज्यांना येत होतं त्यांचा मार्क कापला मी."

मी काही बोलले नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी सगळ्या प्रश्नपेढीची तपासणी सुरू केली. त्या दिवसाच्या नोंदीत काय लिहावं हे मला कळेना. लिहिलं तेच.

माझं सगळ्यात लाडकं तंत्रज्ञान विचाराल, तर चार रंगांचे कार्डशीटचे तुकडे. भौतिकशास्त्राचे एक तरुण सर माझ्याकडे क्लिकर, म्हणजे मुलांनी बसल्या जागी उत्तर नोंदवायची बटणांची यंत्रं, मागायला आले. हार्वर्डचे एरिक माझूर १९९१पासून वर्गात व्याख्यान थांबवून प्रश्न टाकतात, मुलं उत्तर नोंदवतात, मग शेजाऱ्याशी वाद घालतात आणि पुन्हा उत्तर देतात, हे त्यांनी वाचलं होतं. क्लिकरचं कोटेशन पाहून वित्त विभागाने ते हसत परत पाठवलं. मी स्टेशनरीच्या दुकानातून लाल, पिवळं, हिरवं, निळं कार्डशीट आणलं आणि आम्ही दोघांनी बसून ऐंशी संच कापले. पहिला प्रश्न होता सरळ वर फेकलेल्या चेंडूचा: सर्वात उंच जागी त्याचं त्वरण किती? वर्गभर लाल कार्डं. शून्य. सर माझ्याकडे वळून पाहायला लागले, कारण मागच्याच आठवड्यात त्यांनी तो धडा ‘संपवला’ होता. मग म्हणाले, शेजारच्याला पटवून द्या. चार मिनिटं वर्गात मासळीबाजार. दुसऱ्यांदा कार्डं वर आली तेव्हा हिरवी, म्हणजे बरोबर उत्तराची, बरीच होती, सगळी नव्हती. ती कार्डं कडा मऊ होईपर्यंत वापरली आम्ही.

स्टुडिओची गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. स्वयम् हे सरकारी ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ २०१७मध्ये आलं आणि सगळ्यांना आपापले कोर्स चित्रित करायचे झाले. कडक स्टार्चची कॉटनची साडी कॉलर माइकला पत्र्यासारखी वाजते. बांगड्या तर विचारूच नका. बारीक चौकटींचा शर्ट कॅमेऱ्यात लाटा मारतो. हे सगळं मी एका कागदावर लिहून आधी पाठवत असे, आणि तो कुणीही वाचत नसे. श्रावणातल्या एका शुक्रवारी इतिहासाच्या मॅडम सुरेख हिरवीगार साडी नेसून आल्या आणि हिरव्या पडद्यासमोर उभ्या राहिल्या. (चित्रात हिरव्याच्या जागी दुसरं चित्र बसवतात.) मॉनिटरवर रायगडाच्या नकाशावर फक्त एक शिर आणि दोन हात तरंगत होते. मॅडमच इतक्या हसल्या की चित्रीकरण तासभर थांबलं. त्यानंतर स्टुडिओच्या कपाटात मी एक मरून रंगाची शाल कायमची ठेवली.

मग २०२०. मार्चमध्ये महाविद्यालयं बंद झाली आणि वही ऑफिसात कुलूपबंद राहिली. मी घरी, जेवणाच्या टेबलावर, जुन्या डायरीच्या कोऱ्या पानांवर नोंदी करायची. एका दिवसात चाळीसच्या वर फोन. ज्यांनी मला वीस वर्षांत कधी बोलावलं नव्हतं ते लोक रात्री साडेदहाला, दबक्या आवाजात. दबक्या यासाठी की शेजारच्या खोलीत सूनबाई असायची. वर्गात ऐंशी पोरांसमोर चुकण्याची जी धास्ती होती, ती आता घरात आली होती. "मुलाला विचारलं तर तो हातातून फोनच ओढून घेतो," असं एक सर म्हणाले. मी टेबलाशी एकटी बसले होते, तरी माझे हात पाठीमागे गेले.

झूमची चाळीस मिनिटांची मर्यादा, यावर सगळे वैतागलेले. मी म्हणायची, सर, आपला तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा, हजेरीची आठ वजा करा, चाळीसच उरतात. गणिताच्या एका मॅडमनी ओट्यावर दोन बाजूंना पोह्यांचे डबे ठेवले, त्यावर फ्रीजमधली काच आडवी टाकली, काचेवर फोन पालथा आणि खाली वही. कलनाची पूर्ण दोन प्रकरणं त्या ओट्यावर झाली, संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या आत.

सगळ्यात जास्त लक्षात राहिले ते एका तालुक्याच्या गावचे राज्यशास्त्राचे सर. घरात रेंज नाही, म्हणून उसाच्या बांधावर उभे राहून ते व्हिडिओ तास घ्यायचे. मुलांकडे रोजचा दीड जीबीचा पॅक, आणि तोही भावंडांत एकच फोन. चौथ्या दिवशी साठातली सात मुलं उरली. मी हिशेब करून सांगितला: नुसता आवाज ६४ केबीपीएसवर रेकॉर्ड केला तर पाऊण तासाचे साधारण २१ एमबी होतात. तेवढं व्हॉट्सअॅपवर टाका, सोबत फळ्यावर लिहिलं असतं त्याचा एक फोटो. मुलं रात्री घरचा फोन मोकळा झाला की ऐकतील. त्यांना पटलं. मग थोडं थांबून म्हणाले, "पण मॅडम, व्हिडिओ नसेल तर ऑनलाइन शिकवलं असं धरतील का? रोज स्क्रीनशॉट पाठवावे लागतात वर."

मी म्हटलं, स्क्रीनशॉटपुरतं पाच मिनिटं बांधावर जा. ते जात राहिले. तास रात्री ऐकला जायचा, आणि शंका सकाळी आवाजी निरोपांतून यायच्या, मागे गाईगुरांचे आवाज. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या दोन मुली सगळ्यात जास्त विचारायच्या, असं त्यांनी मला सांगितलं. ते सांगताना त्यांचा आवाज आश्चर्याचा होता, आणि थोडा ओशाळलेलाही.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात चार्ज द्यायचा होता. माझ्या जागी अकरा महिन्यांच्या करारावर एक मुलगा आला होता. हुशार, माझ्यापेक्षा दसपट वेगवान. डेडस्टॉक रजिस्टर घेऊन आम्ही स्टोअरमध्ये बसलो. दोन ओएचपी, एक स्लाइड प्रोजेक्टर, व्हीसीआर, सगळं मोजत मोजत मागच्या मांडणीपर्यंत आलो. तिथे खोक्यांची चळत.

"मॅडम, या साठ व्हीजीए केबल सीलबंदच कशा काय?"

ती हकीकत अशी. मध्ये एका वर्षी लेखापरीक्षणात कुणीतरी माझ्या वह्या खरोखर वाचल्या. टिपणी आली: सदर विभागात ‘लूज कनेक्शन’ या एकाच कारणास्तव वारंवार व्यत्यय येत असल्याचे निदर्शनास येते, सबब उत्तम प्रतीच्या केबलची तातडीने खरेदी करण्यात यावी. मला खुलासा विचारला असता तर काय देणार होते? गप्प बसले. केबल आल्या, दहा-दहा मीटरच्या, आणि तोपर्यंत नवे लॅपटॉप एचडीएमआय या वेगळ्याच जोडणीचे झाले होते.

हे सगळं मी त्याला सांगितलं नाही. तो पेन उघडून बसला होता.

"शेऱ्याच्या रकान्यात काय लिहू?"

"लिही, सुस्थितीत."